कापराची काजळी

आरतीच्या वेळी कापूर पेटविला, की तो पाहता पाहता नाहीसा होतो. मागे राख उरत नाही. मात्र पितळेच्या पात्रावर काळी काजळी धरते. ती घासून काढावयाची, एवढेच आपण जाणतो. ही काजळी म्हणजे आहे तरी काय?

कापराच्या एका रेणूत कार्बनचे १० अणू असतात. हवा अपुरी पडली, तर ते सगळे जळत नाहीत. उरलेला कार्बन काजळीच्या रूपाने बाहेर पडतो. शिसपेन्सिलीतील काळी कांडी आणि हिरा हीदेखील कार्बनचीच रूपे होत. एक कागदावर झिजते, तर दुसरा काच कापतो. दोहोंत अणू तेच. भेद आहे तो त्यांच्या रचनेचा.

१९८५ साली अशी आणखी एक रचना आढळली. तीत ६० अणू फुटबॉलवरील शिवणीप्रमाणे एकमेकांशी गुंफलेले असतात. तिला फुलरिन म्हणतात. १९९१ मध्ये जपानचे सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे वर्णन केले. अशा वस्तू नॅनोमीटरने मोजतात. एका मिलिमीटरचे १० लक्ष समान भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर होय.

मुंबईच्या उपनगरात, पवई येथे, १९५८ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. कापरापासून फुलरिन मिळविता येते, हे तेथील महेश्वर शेरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखवून दिले. पुढे कापरापासून नळ्याही तयार करण्यात आल्या. त्यासाठी कापराची वाफ हवा काढलेल्या तप्त भट्टीत लोखंडाच्या सूक्ष्म कणांवरून नेतात. उष्णतेने कापराचे रेणू फुटतात, कार्बनचे अणू त्या कणांवर जमतात आणि नळी वाढू लागते.

या नळ्या वजनाने हलक्या, परंतु अत्यंत बळकट असतात. त्यांतून वीज वाहते, म्हणून विद्युतघटांत त्यांचा उपयोग होतो. मात्र त्यांचे कण श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांना इजा होण्याचा संभव असतो. म्हणून त्या फार जपून हाताळाव्या लागतात.

कार्बनसाठी आपण बहुधा खनिज तेलावर व कोळशावर अवलंबून असतो. हे साठे एकदा संपले, की लवकर भरून येत नाहीत. कापूर मात्र कापराच्या वृक्षापासून किंवा देवदारवर्गीय वृक्षांच्या टर्पेंटाइनपासून मिळतो, आणि वृक्ष पुन्हा लावता येतात. पवईच्या या संशोधनाचे महत्त्व त्यातच आहे.