कापसाच्या गाठीपासून बिडकीनपर्यंत

वऱ्हाड-खानदेशातला कापूस १८९० च्या सुमारास मुंबई बंदरातून जपानला जाऊ लागला होता. ओसाकाच्या सूतगिरण्यांना तो हवाच होता. अडचण जहाजांची होती. ती इंग्रजांच्या पी अँड ओ कंपनीच्या आणि तिच्याशी संगनमत केलेल्या एक-दोन युरोपीय कंपन्यांच्या हातात. भाडं त्या ठरवतील ते.

जमशेटजी टाटा १८९३ मध्ये जपानला गेले ते यावर तोड काढायला. तिथे त्यांची बोलणी झाली जपानी उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्याशी आणि ‘निप्पॉन युसेन काइशा’ या जहाज कंपनीशी. दोघांनी मिळून मुंबई-कोबे वाहतूक सुरू करायचं ठरलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईला निघालं. जपानी कंपनीचा हा पहिलाच दूर पल्ल्याचा नियमित सागरी मार्ग. यानंतर पी अँड ओने भाडं असं काही पाडलं, की माल जवळजवळ फुकट जाऊ लागला. मुंबईचे व्यापारी भुलले. टाटांना साथ देऊ म्हणणारे एकेक करून स्वस्त जहाजांकडे वळले आणि थोड्याच काळात टाटांना आपली जहाजं बंद करावी लागली. जपानी गिरणीवाल्यांनी मात्र ठरावीक गाठी आपल्याच कंपनीच्या जहाजांतून आणण्याचा करार आपसात केला होता. समोर स्वस्त भाडं असतानाही त्यांनी तो पाळला, म्हणून मार्ग टिकला. ज्या शिबुसावांशी तेव्हा बोलणी झाली, त्यांचा चेहरा २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर आहे.

जपानशी व्यवहार करू पाहणाऱ्या कोणत्याही शहराने किंवा राज्याने हा प्रसंग वाचावा. आपल्याकडे अशा संबंधांची सुरुवात बहुधा करारावर सह्या, शाल-श्रीफळ आणि फोटो यांनी होते. मुंबई-योकोहामा ही १९६५ पासूनची भगिनी-शहरं आहेत, हे किती मुंबईकरांना ठाऊक असेल? कागद लागतोच, पण त्यामागे कुणीतरी ठाण मांडून बसावं लागतं.

अजिंठ्याचंच पाहा. रवींद्रनाथ टागोरांच्या बोलावण्यावरून कोलकात्याला आलेले चित्रकार आराई काम्पो पहिल्या महायुद्धाच्या काळात अजिंठ्याला पोचले आणि सहकाऱ्यांसह लेण्यांतली चित्रं उतरवून घेऊ लागले. नारा भागातल्या होर्युजी मंदिराच्या भिंतींवरची जुनी बौद्ध चित्रं अजिंठ्याच्या चित्रांची आठवण करून देतात, हे जपानी अभ्यासकांना तेव्हा खुणावत होतं. अजिंठ्याच्या त्या नकला पुढे टोकियोत १९२३ च्या भूकंपात गेल्या. होर्युजीची मूळ चित्रं १९४९ च्या आगीत होरपळली. त्यांच्याही नकला करण्याच्या कामावर असतानाच, १९४५ मध्ये, काम्पो वारले होते. १९९० च्या दशकापासून अजिंठा-वेरूळ परिसरातले रस्ते, पाणी, विमानतळ आणि जतन यांसाठी जपान सरकारने सवलतीचं कर्ज दिलं, त्याआधीचं हे नातं.

वाकायामा प्रांत आणि महाराष्ट्र यांच्यात २०१३ मध्ये सहकार्याचा करार झाला. वाकायामातल्या कोयासान या डोंगरावर नवव्या शतकात कूकाई यांनी शिंगोन बौद्ध पंथाचं पीठ उभारलं. तिथल्या विद्यापीठात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसला. तिकडे ओकायामा प्रांताशी आपलं नातं दोन अगदी वेगळ्या वाटांनी जुळलं आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन या तीनशे वर्षांच्या बागेच्या धर्तीवर दहा एकरांत आखलेलं आहे. (नाव समर्पकच म्हणायचं. पुलंच्या ‘पूर्वरंग’मध्ये जपानही आहे.) आणि त्याच ओकायामा प्रांतात जन्मलेले भदंत सुरेई ससाई १९६० च्या दशकात नागपुरात आले ते तिथलेच झाले. त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननासाठी खटपट केली. दीक्षाभूमी स्मारक समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. दहा एकरांची बाग महापालिकेला उभारता येते. असा माणूस कोणत्याही करारात मागून मिळत नाही.

पुण्याची खरी पुंजी मात्र बागेपेक्षा वर्गांत आहे. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि गल्लोगल्लीचे खासगी क्लास यांतून कित्येक वर्षं जपानी शिकवलं जातं. जुलै आणि डिसेंबरात होणाऱ्या परीक्षेच्या एन-फाइव्ह ते एन-वन अशा पायऱ्या असतात. एन-फाइव्ह पुष्कळ जण करतात, एन-टूपर्यंत पोचता पोचता वर्ग विरळ होतो. जे पोचतात त्यांना आयटी कंपन्या आणि चाकण-रांजणगावचे कारखाने उचलतात. पुण्यात जपानी शिकलेले योगेंद्र पुराणिक तर २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डात नगरसेवक म्हणून निवडून आले. याच वॉर्डातल्या निशी-कासाईत भारतीयांची, त्यातही आयटीवाल्यांची मोठी वस्ती आहे.

शॉपफ्लोअरवरच्या दुभाष्याचं काम शब्दकोशावर भागत नाही. समजा, एका लॉटमध्ये भोकाचं माप चुकलं. जपानी तज्ज्ञ मशीनपाशी येतो, कागद काढतो आणि विचारतो, का? ड्रिल झिजलं होतं. का झिजलं? वेळेवर बदललं नाही. का? बदलायची नोंद ठेवायला तक्ता नव्हता. एकामागून एक पाच वेळा ‘का’ विचारत मुळाशी जायची ही टोयोटाची जुनी रीत. मराठी ऑपरेटरला दुसऱ्या ‘का’लाच वाटतं, साहेब आपल्यावर खापर फोडतोय. तो गप्प होतो, नाहीतर ‘आता नीट चाललंय ना’ म्हणून विषय मिटवतो. मुरलेली दुभाषी अशा वेळी आधी ऑपरेटरला सांगते, ‘दादा, तुमची चूक काढत नाहीयेत, तक्ता कुठे हुकला ते शोधतायत.’ हे वाक्य जपानी तज्ज्ञाने उच्चारलेलंच नसतं. पण त्यावाचून तिसरा ‘का’ पुढे सरकत नाही.

लघुउद्योजकांचा अनुभवही याच जातीचा. जपानी गिऱ्हाईक पहिली ऑर्डर द्यायला जीव मेटाकुटीला आणतं. कारखाना पाहायला येतात, नमुने मागतात, परत येतात, स्टोअरमधले बिन उघडून पाहतात. दराची गोष्ट निघते ती फार नंतर. ‘नुसतं बघून जातात’ म्हणून कंटाळून नाद सोडणारे बरेच. तग धरणाऱ्यांना पुढे वर्षानुवर्षं काम मिळतं, फक्त दरवर्षी भाव थोडा उतरवण्याची अपेक्षा त्यात धरलेली असते.

टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ, बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात, सुमारे वीस हजार कोटींच्या मोटार कारखान्यासाठी राज्याशी सामंजस्य करार केला. त्याच परिसरातल्या वाळूजच्या सुट्या भागांच्या कारखानदारांना मोठ्या गिऱ्हाइकाची सवय आहे. बजाजचा कारखाना तिथे १९८० च्या दशकातच आला आणि बजाजने कावासाकीबरोबर मोटारसायकलीही काढल्या. पण मोटारींचे भाग, तेही टोयोटाच्या मापाने, हा मामला निराळा. मोटार बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी पुरवठादारांची चाचपणी सुरू होते आणि तेव्हा मशीनपाशी उभं राहून तिसरा ‘का’ मराठीत विचारू शकणारी माणसं लागतात. एन-फाइव्हपासून तिथवर पोचायला वर्षं जातात. मराठवाड्यातल्या वर्गांनी ती मोजणी आत्ताच सुरू करायला हवी.