कर्नाळ्याची पायवाट

मुंबईहून गोव्याकडे निघालेला राजरस्ता पनवेलपासून दहाबारा किलोमीटरांवर ज्या दाट झाडीतून जातो, तिच्या माथ्यावर कर्नाळा किल्ल्याचा काळा सुळका उभा आहे. बोरघाटाने देशावर जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवणारा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये मोगलांकडून परत घेतला. १८१८ मध्ये तो इंग्रजी अमलाखाली गेला, तेव्हा वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा अनंतराव तेथे किल्लेदार होते. इतिहासाचा हा दाखला भारदस्त खराच. तरीही पाहुण्याने गडाआधी पायथ्याचे रान पाहावे, असे माझे मत आहे.

१९६८ साली हे रान पक्षी-अभयारण्य झाले, आणि आरंभी साडेचार चौरस किलोमीटरांची त्याची हद्द २००३ मध्ये बारांच्या पुढे गेली. ताडोबापुढे हा मुलूख अगदीच तोकडा, आणि वाघ तर येथे नाहीच. परंतु जीपगाडीतून फिरवण्याची रीतही येथे नाही, हे फार बरे झाले. हरियाल आणि मोरटाका या दोन्ही पायवाटा पायांनीच चालायच्या आहेत, आणि चालणाऱ्याची गती मंदावली की साग, ऐन, उंबर यांच्या त्या छायेत डोळ्यांच्या आधी कान कामाला लागतात.

हिवाळ्याच्या सकाळी बराच वेळ काहीच हालत नाही, आणि मग अकस्मात एकाच झाडावर निरनिराळ्या जातींचे पक्षी दाटीने उतरतात. या मिश्र थव्यात बहुधा भृंगराज असतोच. शेपटीच्या दोन लांब तारांच्या टोकांशी पिसांचे झुबके मिरवीत तो उडतो, तेव्हा दोन भुंगे त्याचा पाठलाग करीत आहेत असे वाटते. इतरांच्या हालचालीने उडालेले किडे तो झेलतो, शिकरा दिसताच ओरडून सर्वांस सावध करतो, आणि परक्या पक्ष्यांचे आवाज असे बेमालूम काढतो की नवशिक्याची टिपणवही पार बिघडून जाते!

कर्नाळ्याचा खरा मानकरी मात्र मृगाच्या पावसाबरोबर येतो. रायगड जिल्ह्याचा जिल्हापक्षी म्हणून मान पावलेला तिबोटी खंड्या जेमतेम तेरा सेंटिमीटरांचा. पाठ निळी-जांभळी, पोट पिवळे, चोच लाल. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत नर-मादी दोघे मिळून बोगदा कोरतात, आणि पाली, बेडूक, लहान खेकडे फांदीवर आपटून मऊ करून आत पिलांना भरवतात. भक्ष्य चोचीत धरलेला हा पक्षी बोगद्याच्या तोंडाशी माणूस दिसला तर आत शिरत नाही, समोरच्या फांदीवर तिष्ठत राहतो. आणि अलीकडे छायाचित्रकारांचे ताफे याच दरडींसमोर ठाण मांडतात, म्हणजे आपल्या एका चित्रासाठी पिलांचा घास अडवला जातो, याचे भान हौशी मंडळींना उरत नाही. वनखात्याने कितीही बंदोबस्त ठेवला तरी प्रत्येक ओढ्यावर शिपाई उभा करता येत नाही.

वाचकांनी पावसाळ्यात कर्नाळ्यास अवश्य जावे, दुर्बीण न्यावी, ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पक्ष्यांना भुलवू नये, आणि घरटे दिसलेच तर तेथे न रेंगाळता पायवाटेने पुढे निघावे.