फाइलमध्ये नसलेली रेषा

परवा भाचा आला तो पेढ्यांचा पुडा घेऊनच. सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नदीपासून जवळच फ्लॅट ठरवला होता. टोकनही देऊन झालं होतं.

"मामा, कर्ज मंजूर झालं. म्हणजे कागद स्वच्छच, नाही का? शेवटी तुमच्या बँकवाल्यांनीच बघितलेत!"

तोंडात पेढा होता म्हणून बरं.

गृहकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च घेतो, सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक बघतो, बोजा तपासतो. पण हे सारं बँकेसाठी. आपले पैसे बुडू नयेत, एवढीच त्यामागची काळजी. घरात पाणी शिरेल का, हा प्रश्न आमच्या फॉर्मवर कधीच नव्हता. पगारदार माणूस, घर बुडालं तरी हप्ता बुडवत नाही!

१९९८ साली मी एका शिक्षकांचं कर्ज मंजूर केलं. फाइल इतकी नेटकी, की तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुक केलं होतं. तळमजल्याचा फ्लॅट, मागे नदीकडे छोटं अंगण. गुरुजींना बागेची भारी हौस. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी मुठेकाठच्या सोसायट्यांत शिरलं, त्यात त्यांचीही सोसायटी होती. मी भेटायला गेलो, तर गुरुजी दोरीवर शाळेचे जुने फोटो वाळत घालत होते. तक्रारीचा एक शब्द नाही.

"साहेब, तुमचं कर्ज २०१३ सालीच फेडलं हं," एवढंच म्हणाले.

ते वाक्य अजून माझ्या घशात अडकून आहे. त्या फाइलवर सही माझी होती, आणि नदीकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. तेही पुण्यात, जिथे १२ जुलै १९६१ चं पानशेत घराघरांत सांगितलं जातं!

पाटबंधारे खातं नदीच्या काठाने दोन रेषा आखतं. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं घर बांधायला बंदी, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी. आता "२५ वर्षांतून एकदा" म्हटलं की आपण निर्धास्त होतो. पण त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात चार अशी शक्यता. २० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते. हा हिशेब मी निवृत्तीनंतर केला. नोकरीत असताना फक्त व्याजाचे केले.

भाच्याला म्हटलं, सोमवारी अर्धा दिवस रजा टाक. विकास आराखड्याच्या नकाशावर आपला सर्व्हे नंबर शोधायचा. आरक्षण आहे का, रस्तारुंदीत किती जागा जाते, पूररेषा कुठून जाते, ते बघायचं. मग मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र. २०१७ पासून महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी झालेल्या प्रकल्पांचे बरेच कागद घरबसल्या दिसतात, पण मला आपला खिडकीवरचा कागदच बरा वाटतो. सवय!

विक्रेत्याच्या माणसाने घरपट्टीची पावती पुढे केली. "बघा साहेब, सगळं अधिकृत." घरपट्टी अनधिकृत बांधकामावरही आकारली जाते, आणि पावतीने बांधकाम कायदेशीर होत नाही. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये लोक १९८० च्या दशकापासून राहत होते. तरी परवानगीबाहेरचे मजले २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलेच. दस्तनोंदणीचंही तेच. नोंदणी झाली म्हणजे सरकारने मालकीची हमी दिली, असं नव्हे.

भाच्याच्या इमारतीचे कागद तसे ठीक निघाले. फक्त नकाशावर एक नाला दाखवला होता आणि जागेवर तिथे पार्किंग होतं. नाला कुठे गेला? विक्रेत्याचा माणूस म्हणाला, पाइपातून नेलाय. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, तर त्याने टेबलाचा पाय दाखवला. दोन वितींवर चिखलाची फिकट रेघ होती. "दर पावसाळ्यात एवढं येतंच, काका."

भाचा गप्प झाला. ५१ हजारांचं टोकन, शिवाय सूनबाईंनी पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलेलं. त्याने गाडी काढली, पुलापर्यंत नेली आणि कडेला थांबवली.

"मामा, तुमचे ते गुरुजी इथेच कुठेतरी राहतात ना? दहा मिनिटं जाऊन येऊ या का?"