छबी काढण्यापूर्वी

आमच्या घरात देवघराशेजारच्या भिंतीवर आमच्या आईची तसबीर आहे. पाहुणे ती पाहतात आणि अदबीने गप्प राहतात, कारण तिच्यात चेहरा असा नीट दिसतच नाही. आई वारली तेव्हा हार घालण्यासाठी आम्ही फोटो शोधू लागलो. ट्रंका उघडल्या, आल्बम चाळले. लग्नाच्या, बारशाच्या, गणेश चतुर्थीच्या फोटोंत घरातील सगळे होते, आई मात्र कोठेच नव्हती. कॅमेरा निघाला की ती स्वयंपाकघरात जात असे. अखेर एका लग्नाच्या फोटोत, मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून दिसणारा वाटाण्याएवढा अर्धा चेहरा सापडला. फोटोवाल्याने तो मोठा करून दिला. जसा मोठा झाला तसा तो धूसरही झाला. आज नातवंडांना आम्ही ती तसबीर दाखवतो तेव्हा ती विचारतात, "आजीचे डोळे कसे होते?"

वाचकहो, हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. ज्यांना कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याची लाज वाटते अशी माणसे आपल्या बेटावरील प्रत्येक घरात आहेत. बहुधा सगळ्यांसाठी राबणारी तीच असतात. त्यांची छबी काढायची तर तयारी कशी करावी, हे आम्ही एकदा चुकून आणि मग शिकून घेतले. ते येथे सांगतो.

आमच्या काकूंनी ८० वर्षे पार केली म्हणून मुलांनी सहस्रचंद्रदर्शनाचा विधी ठरवला. होम झाला, ओवाळणे झाले आणि फोटोची वेळ आली. काकूंना नवी कोरी, कडक जरीची साडी नेसवली होती. समोर दहा-बारा फोन उगारलेले. एक म्हणतो, "काकू, इकडे पाहा," दुसरी म्हणते, "आजी, हसा ना!" डोळ्यांवर प्रखर दिवे. काकूंनी क्षणभर सगळीकडे पाहिले, पदर तोंडावर घेतला आणि आमच्या क्रिओल भाषेत एवढेच म्हणाल्या, "मो पा ले." नको म्हणजे नको. त्या उठून आत गेल्या. लोक हसले. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे.

त्या रात्री घरी परतताना भिंतीवरची आईची तसबीर आठवली आणि हसू विरून गेले.

आमच्या ओळखीचा एक तरुण व्हाक्वा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करतो. त्याला आम्ही विचारले, "अरे, लाजणाऱ्या माणसाचा फोटो कसा काढावा?" तो म्हणाला, "दादा, आधी मला सांगा, त्यांना विचारलं होतं का?" आम्ही निरुत्तर झालो. हॉल ठरवताना, जेवण ठरवताना सगळ्यांना विचारले होते. ज्यांचा फोटो काढायचा त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते.

पुढे त्याने ज्या गोष्टी सांगितल्या त्या कोणालाही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट आरशाची. "माझा फोटो चांगला येत नाही" ही तक्रार खोटी लाज नव्हे, तिला कारण आहे. आपण जन्मभर स्वतःला आरशात पाहतो, आणि आरशात डावे उजवे उलटलेले असते. फोटोत चेहरा इतरांना दिसतो तसा येतो. भांग दुसऱ्या बाजूला, तीळ दुसऱ्या गालावर. अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली याची परीक्षा घेतली. त्यांनी काही स्त्रियांना स्वतःची दोन छायाचित्रे दाखवली, एक सरळ व एक आरशासारखे उलटे. त्यांचा कल उलट्याकडे होता, तर त्यांच्या जवळच्या माणसांचा सरळ छायाचित्राकडे. ज्याला जो चेहरा सवयीचा, त्याला तो आवडला. तेव्हा काकूंना फोटोतील काकू परक्या वाटल्या तरी आम्हांला त्या आमच्याच काकू दिसतात. एवढे नीट समजावून सांगितले तरी अर्धी भीती जाते.

दुसरी गोष्ट अंतराची. फोन हातभरावर धरला की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. त्यात माणसाचा दोष नसतो, कॅमेरा फार जवळ आलेला असतो. दोन मीटरभर दूर उभे राहावे व फोनमध्ये दुप्पट मोठे दाखवणारे भिंग असल्यास ते वापरावे. चेहरा प्रमाणात येतो, आणि लाजणाऱ्याच्या अंगावर कोणी चालूनही येत नाही.

तिसरी गोष्ट उजेडाची. आपल्या बेटावर नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत भर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळी डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि माणूस डोळे बारीक करतो. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर बसावे. सर्वांत उत्तम म्हणजे घरापुढची ओसरी. वर छप्पर, समोर मोकळे आकाश. फ्लॅश नको. चष्मा असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यावी, म्हणजे काचेत चमक येत नाही. चष्मा रोजचा असेल तर तो काढायला लावू नये. नातवंडांना आजी चष्म्यातच आठवणार असते.

चौथी गोष्ट कपड्यांची. नवे वस्त्र टोचते, सरकते, पिना लागतात. अंगाला सवयीचे झालेले चांगले लुगडे किंवा साडी नेसावी. अगदी पांढरेशुभ्र वस्त्र असले की कॅमेरा त्या उजेडाला फसतो आणि चेहरा काळपट येतो. अगदी बारीक रेघा असल्या तर पडद्यावर त्या लाटांसारख्या हलताना दिसतात. मध्यम रंगाचे, साधे वस्त्र बरे.

पाचवी गोष्ट हातांची, आणि ती आम्हांला सर्वांत मोलाची वाटली. लाजणाऱ्या माणसाला चेहऱ्यापेक्षा हातांचे ओझे जास्त वाटते. ते कोठे ठेवावेत कळत नाही, मग खांदे चढतात, मान ताठ होते. हातांना ओळखीचे काम द्यावे. वाती वळणे, तांदूळ निवडणे, गजरा करणे. पुरुष असेल तर झांज पुसणे किंवा बागेतील कोयता धुणे. हात कामाला लागले की चेहरा आपोआप आपला होतो.

हे सारे ऐकून आम्ही काकूंकडे गेलो, पण हातात आणखी एक गोष्ट होती.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांचे स्थलांतराचे दप्तर जपून ठेवलेले आहे, हे बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. मुंबई बंदरातून जहाजाने आलेल्या आपल्या मराठी कुळांची नावे, गावे, वये आणि क्रमांक त्यात आहेत. काहींच्या छब्याही आहेत. काकूंच्या नातवाने शोध घेऊन तिच्या पणजोबांच्या छबीची प्रत मिळवली होती. उघडे खांदे, जाड मिशी, ताठ मान, आणि भिंगाकडे न पाहता पलीकडे कोठेतरी पाहणारे डोळे.

ती छबी हौसेची नव्हती. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांना छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगणे भाग पडले. तिकिटावाचून रस्त्यात सापडला तर पोलीस त्याला पकडून नेत, आणि हरवले तर नवे मिळवण्यासाठी पैसे मोजावे लागत. १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हिट्झ यांनी जुन्या मजुरांचा जो अर्ज गव्हर्नरकडे नेला, त्यावर ९४०१ जणांच्या सह्या व निशाण्या होत्या. या तिकिटाचा व पोलिसांच्या धरपकडीचा जाच हे त्या अर्जातील मोठे गाऱ्हाणे होते. पुढे १८७२ साली चौकशीसाठी रॉयल कमिशन येथे आले व १८७५ साली त्याचा अहवाल निघाला. म्हणजे आपल्यापैकी कित्येक कुळांची कॅमेऱ्याशी पहिली गाठ पडली ती सरकारी खोलीत, क्रमांकासह, आणि परवानगीवाचून.

काकूंनी ती प्रत चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिली. मग आम्हांला विचारले, "ह्यांना कोणी विचारलं होतं का, फोटो काढू का म्हणून?"

आम्ही म्हणालो, "नाही, काकू."

"मग आता तुम्ही मला विचारायला आलात?"

"हो. तुम्ही नाही म्हणालात तर काढणार नाही. चहा पिऊन जाऊ."

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. कोंबड्यांना दाणे टाकून आल्या. मग म्हणाल्या, "शनिवारी या. सकाळी. आणि ती बाकीची पलटण आणू नका."

शनिवारी आम्ही तिघेच गेलो. फोटोग्राफर, नातू आणि आम्ही. काकूंनी निळसर सुती साडी नेसली होती, जी त्या दर शुक्रवारी देवळात नेसतात. ओसरीवर पाटावर बसून त्यांनी कापूस पुढ्यात घेतला. फोटोग्राफरने कॅमेरा बाहेर काढण्याआधी पंधरा मिनिटे नुसत्या गप्पा मारल्या. वात कशी वळतात, कापूस कोठून आणता, पूर्वी उसाच्या मळ्यावर पहाटे किती वाजता निघावे लागे. "हसा" हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. कॅमेरा वर झाला तेव्हा काकूंचे खांदे चढले. तो म्हणाला, "काकू, डोळे मिटा. श्वास हळूहळू सोडा. मी तीन म्हटलं की उघडा." तीन-चार वेळा असे केले आणि खांदे उतरले. मिटलेले डोळे उघडताना माणूस क्षणभर अगदी स्वतःसारखा दिसतो. त्याने तीस-चाळीस फोटो काढले, पण मधेच एकही दाखवला नाही. मधे दाखवला की माणूस पुन्हा स्वतःला तपासू लागतो, असे तो म्हणाला.

शेवटी सगळे फोटो काकूंपुढे ठेवले. निवड त्यांची. पंचवीस त्यांनी काढून टाकायला लावले आणि ते त्यांच्यादेखत पुसले. उरलेल्यांत एक होता, ज्यात त्या नातवाकडे पाहून काहीतरी सांगत होत्या, हातात अर्धी वळलेली वात. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही मी." आणि बजावले, "सगळ्यांच्या फोनवर पाठवू नका. कोणाला द्यायचा ते मी सांगेन." आम्ही तो शब्द पाळला आहे. म्हणून या पानावर तो फोटो छापलेला नाही.

त्या फोटोची कागदावर प्रत काढली. फोन बिघडतो, हरवतो, नवा घेताना जुन्यातले राहून जाते. कागद ट्रंकेत टिकतो. मागे मऊ पेन्सिलीने काकूंचे पूर्ण नाव, तारीख, गाव आणि "वाती वळताना" असे लिहिले. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूला उमटते. काकूंनी स्वतः ती प्रत पणजोबांच्या छबीशेजारी लावली. पणजोबांच्या छबीखाली क्रमांक आहे. काकूंच्या फोटोखाली नाव आहे.

आमच्या आईलाही आम्ही असे कधी विचारले नव्हते. "ये ग, उभी राहा," एवढेच ओरडायचो आणि ती आत गेली की फोटो काढून मोकळे व्हायचो. तिला दहा मिनिटे दिली असती, दिवस ठरवला असता, हातात तिचे सूप दिले असते तर कदाचित ती बसली असती. कदाचित नसतीही. पण नातवंडांच्या प्रश्नाला आम्हांला असे खाली मान घालून उभे राहावे लागले नसते.

वाचकहो, गणेश चतुर्थी आली की पुन्हा घरे भरतील, पुन्हा फोन निघतील आणि पुन्हा कोणीतरी हळूच स्वयंपाकघराकडे वळेल. तिला हाक मारून ओढू नका. सण होऊन जाऊ द्या. मग एखाद्या सकाळी एकटेच तिच्याकडे जा, चहा घ्या आणि विचारा. नाही म्हणाली तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. हो म्हणाली तर ओसरीवर पाट मांडा, आणि कापूस किंवा तांदूळ, जे तिचे असेल ते, तिच्या पुढ्यात ठेवा.