शंभर टक्के कशाचे?

गुरुवार होता, म्हणजे पुण्याच्या रिवाजाप्रमाणे सकाळी दहाला वीज गेली. लॅपटॉपवर १०० टक्के चार्जिंग दिसत होतं, त्यामुळे मी निर्धास्त. बाविसाव्या मिनिटाला स्क्रीन काळा झाला. बरं, या बॅटरीने आयुष्यात काही कष्ट उपसले होते म्हणावं, तर तसंही नाही. घरून काम सुरू झाल्यापासून लॅपटॉप टेबलावरच आणि चार्जर कायम लावलेला. न वापरता बॅटरी झिजली कशी, हा माझा प्रश्न. ‘मग ते शंभर टक्के कशाचे होते?’ हा वडिलांचा.

वडिलांचा प्रश्न आधी घेतो, तो जास्त चांगला आहे. जुलै लागला की ते सकाळी पेपरात पहिल्यांदा धरणांचे आकडे बघतात. खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी, वर्षानुवर्षे हाच आकडा. तळाशी गाळ कितीही साचो, टक्केवारी जुन्याच मापाने काढायची. लॅपटॉपचं नेमकं उलटं. बॅटरीत आज जेवढं मावतं त्यालाच तो शंभर म्हणतो. क्षमता निम्म्यावर आली तरी पडद्यावर शंभरच! खरा हिशेब आत दडलेला असतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. माझ्याकडे दुसरा आकडा पहिल्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा निघाला.

गाळ बॅटरीतही साचतो. लिथियम-आयन बॅटरीच्या ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं, पत्त्यांच्या कॅटासारखं पातळ थरांचं. चार्जिंग करताना लिथियमचे आयन द्रवातून पोहत येऊन या थरांमध्ये शिरतात, वापरताना परत फिरतात. हा द्रव मोठा नाजूक. लिथियमने भरलेल्या ग्रॅफाइटचा स्पर्श त्याला सोसत नाही. तो विघटित होतो आणि त्या अवशेषांचा एक थर ग्रॅफाइटवर बसतो. जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी इतकीच. इमॅन्युएल पेलेड या शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये अशा थराला ‘सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज’ असं नाव दिलं.

हा थर वैरी नाही, ही गंमत. तो नसता तर द्रव विघटित होतच राहिला असता आणि १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेली ही बॅटरी चाललीच नसती. कारखान्यातल्या पहिल्या चार्जिंगमध्ये तो मुद्दाम बसवतात. पण तो लिथियम गिळून बसतो आणि गिळलेलं परत देत नाही. शिवाय दुधावरच्या सायीसारखा सावकाश जाड होत राहतो. त्यासाठी बॅटरी वापरायची गरज नसते, काळ पुरतो. ग्रॅफाइट जितकं भरलेलं आणि बॅटरी जितकी गरम, तितका त्याचा वेग जास्त. भरीला, पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत धन बाजूलाही द्रव कुजतो, वायू सुटतात, आतला विद्युतरोध वाढतो. म्हणून जुनी बॅटरी उरलेली वीजही धडपणे देत नाही. जरा जोर लावला की व्होल्टेज कोसळतं आणि लॅपटॉप मान टाकतो.

या क्षेत्रात नेहमी दिली जाणारी एक सारणी आहे. २५ अंशांत ४० टक्के भरून ठेवलेल्या बॅटरीत वर्षाने ९६ टक्के क्षमता उरते. पूर्ण भरून ठेवली तर ८०. तापमान ४० अंश असेल तर ४० टक्के भरलेलीत ८५, आणि गच्च भरलेलीत ६५. आकडे ढोबळ आहेत, पण माझ्या टेबलाला शेवटचाच लागू. एप्रिल २०१९ मध्ये शिवाजीनगरला पारा ४३ अंशांच्या घरात गेला होता, आणि चालू लॅपटॉपचं पोट खोलीपेक्षा गरमच असतं.

‘बॅटरी पूर्ण उतरू द्या, मग चार्ज करा’ हा सल्ला अजून ऐकू येतो. तो निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. लिथियम-आयन बॅटरीला अगदी रिकामं होणंही मानवत नाही. तिला मधली पातळी आवडते.

तपकीर गल्लीजवळच्या दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं आणि हात मागे घेतला. ‘फुगलीय. बरं झालं आणलीत. घरी टोचाटोची करू नका, पेट घेते.’ बॅटरी त्याने वाळूच्या बादलीत ठेवली. त्याच्याकडे अशा चारपाच होत्या.

लिथियमला पर्यायही शोधले जात आहेत. पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांसोबत विकसित केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान केपीआयटी या पुण्याच्याच कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. सोडियम मुबलक आणि स्वस्त. पण त्या बॅटऱ्या वजनाच्या मानाने वीज कमी साठवतात, त्यामुळे लॅपटॉपला इतक्यात उपयोग नाही. आणि अवशेषांचा थर सोडियमलाही चुकलेला नाही.

नवी बॅटरी बसवल्यावर मी सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर आणली. वडिलांना सगळं समजावलंही. दोन दिवसांनी बघतो तर पुन्हा १००. ‘ऐंशीलाच अडकत होतं,’ वडील म्हणाले, ‘नातवाकडून दुरुस्त करून घेतलं.’