पुढून मोटार, मागून टेम्पो

फोर्डची रँचेरो १९५७ची, शेवरोलेची एल कॅमिनो १९५९ची. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना १९५४मध्येच गुंडाळला, त्यामुळे एल कॅमिनोची जुळणी मुंबईत झालीच नाही. पहिल्या एल कॅमिनोच्या हौद्यात बोल्टांनी आवळलेला पन्हाळी पत्रा. त्याखाली स्टेशन वॅगनचाच तळ. घेणाऱ्याने आधी तो पत्रा उचलायला लावावा, गंज तिथे दडतो. वरचा रंग काय, नाहूरचा कुठलाही चांगला पेंटर चकचकीत मारून देईल!

पन्नाशी उलटलेल्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला २०२१च्या व्हिंटेज गाड्यांच्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र तिच्यातून रोज नाहूर स्टेशन गाठता येणार नाही. रस्त्यावर आणायची मुभा प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभालीपुरतीच.