आजीची सागवानी पेटी

गेल्या उन्हाळ्यात मी सिन्नर तालुक्यातल्या एका गावी ओळखीच्या घरी गेलो होतो. दारात भंगारवाल्याचा टेम्पो उभा. ओसरीवर एक मोठी लाकडी पेटी काढून ठेवलेली. रंग काळा पडलेला. एक कडी तुटलेली. झाकण वाकडे.

"ही कशाला देता?" मी विचारले.

सून म्हणाली, "भाऊ, जागा अडते. भुसा पडतो. हा तिच्या बदल्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या देतोय."

आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "द्या बाई. माझ्या लग्नातली आहे. पण लाकूडच ते."

मी पेटी उलटी करायला लावली. तळाशी नखाएवढी जागा चाकूने खरवडली. आतून सोनेरी तपकिरी लाकूड निघाले. हाताला थोडे तेलकट लागले. वास कातड्यासारखा आला. पेटी अस्सल सागाची होती! भंगारवाला टेम्पोत जाऊन बसला.

आपल्या नाशिक जिल्ह्याला साग नवा नाही. पेठ-सुरगाण्याकडे सागाची राने आहेत. नाशकातला पेशव्यांच्या काळचा सरकारवाडा पाहा, नाहीतर चांदवडचा होळकरांचा रंगमहाल पाहा. तिथले जुने लाकूडकाम दोनशे वर्षांहून अधिक टिकले. सागाच्या गाभ्यात निसर्गाचेच तेल असते. ते वाळवीला आवडत नाही. झाडाचा बाहेरचा पांढुरका भाग मात्र कच्चा. कीड तिथूनच शिरते.

जुन्या नाशकात वाडे पडले की त्यांचे खांब, तुळया, दारे, चौकटी विकायला निघतात. त्यातून लोक बाक करतात, टेबल करतात. घ्यायचे असेल तर जरूर घ्या, पण आधी लोहचुंबक फिरवून पाहा. आत जुना खिळा मोडून राहिला असला तर सुताराची करवत तुटते. बाजारात मिळणारे स्वस्त कपाट पुष्कळदा भुसा दाबून केलेले असते. पावसाळ्यात ओल लागली की ते फुगते. मग सुतारालाही त्याचे काही करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गावातले सुतारदादा आले. त्यांनी आधी भुसा पाहिला. म्हणाले, "भोकं बारीक गोल आहेत. हा किडा आहे, वाळवी नव्हे. आणि कीड फक्त त्या पांढऱ्या पट्टीला आहे." वाळवी मातीतून येते, मातीच्या नळ्या करीत वर चढते. म्हणून लाकडी सामान जमिनीला टेकवू नये. चार पायांखाली चार दगड द्यावेत.

किडकी पट्टी त्यांनी काढून टाकली. बाकीच्या लाकडाला टाकणखार आणि बोरिक पावडर कोमट पाण्यात कालवून कुंचल्याने लावली. हे पाणी विषारी असते, बरं का. पोरांना दूर ठेवा. भांडे वेगळे ठेवा. लाकूड सावलीत वाळवा. कडक उन्हात घाईने वाळवले तर ते तडकते.

सांधे ढिले झाले होते. पूर्वीचे सुतार सांध्यात सरस घालीत. सरस गरम पाण्याने सुटतो. दादांनी पाणी लावून कोपरे हळूच मोकळे केले, धुतले, पुन्हा जुळवून दोरीने आवळून ठेवले. कुठे खिळा मारला नाही. "खिळ्यानं लाकूड फाटतं, आणि गंजला की डाग पडतो," असे ते म्हणाले. नव्या बिजागऱ्या पितळी स्क्रूने बसवल्या. झाकण सरळ झाले.

मग पॉलिश कागदाने घासणे आले. जुना तेलरंग असेल तर त्यात शिसे असू शकते. ती धूळ पोरांच्या पोटात जाऊ नये, म्हणून कागद ओला करून घासावे आणि तोंडाला फडके बांधावे. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

आमच्या घरी एक झोपाळा होता. त्याची एक फळी फुटली म्हणून मी तो होळीत टाकला. एका फळीचे काम होते. आज आठवले की वाईट वाटते.

पेटी आता ओसरीवर आहे. वर गोधडी घातली आहे, त्यामुळे बसायला बाक झाला. आत दुष्काळी पोत्यांसारखे काहीबाही भरलेले असते. सूनही आता "जागा अडते" म्हणत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. घासता घासता सुतारदादा थांबले होते. झाकणाच्या आतल्या बाजूला कोळशाने काही लिहिलेले होते. आजींचे मालक लिहून गेलेले. "हे घासून काढू का?" दादांनी विचारले.

"थांब," आजी म्हणाल्या. त्या गेल्या हिवाळ्यात रात्रीच्या वर्गाला बसल्या होत्या. पेटीजवळ आल्या. बोट ठेवून वाचू लागल्या. "सा-ल १-९-७-२. बा-ज-री, सा-त पा-य-ली."

१९७२ चा तो मोठा दुष्काळ. आजी बराच वेळ बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "एवढीच होती? मला तर ते पेटी भरलीय म्हणून सांगायचे."